विश्लेषण : एका सामन्यापुरता गोलंदाज कसा निवडायचा? फॅन्टसी लीगमधले गणित काय सांगते आणि कुठे थांबते?

वडनेर भोलजी (ता. नांदुरा, जि. बुलडाणा) : आयपीएलमध्ये रात्रीच्या सामन्याची नाणेफेक सायंकाळी सातला होते. त्याआधीची दहा मिनिटे आमच्या आठ जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरत असतो, ‘‘आज कोणाले घेतलं बे?’’ हा प्रश्न जसप्रीत बुमराबद्दल नसतो. बुमरा ज्याच्या संघात आहे, त्याच्याकडे तो हंगामभर असतो. प्रश्न असतो तो एका मोकळ्या जागेचा, त्या दिवसापुरत्या गोलंदाजाचा.

आमची लीग अगदी घरगुती आहे. हंगामाआधी गावातच लिलाव होतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला १२ खेळाडू येतात. उरलेले सगळे मोकळ्या यादीत राहतात. आठवड्यातून दोनदा या यादीतला एक गोलंदाज एका सामन्यासाठी घेता येतो. सामना संपला की तो परत यादीत जातो. शेतीच्या भाषेत सांगायचे तर लिलावातला गोलंदाज म्हणजे सालगडी आणि हा रोजंदारीचा. गुणांची शीट प्रस्तुत प्रतिनिधीकडे असते. पैसे लावायचे नाहीत, ही पहिली अट. शेवटच्या क्रमांकावर राहणाऱ्याने शेगावहून सगळ्यांसाठी कचोरी आणायची, एवढाच दंड.

सालगडी निवडायला नाव पुरते. रोजंदारीचा निवडायला डोके लागते. ते कुठे लावायचे आणि लावूनही किती खात्री मिळते, याचा हा आढावा.

फॅन्टसी लीग म्हणजे काय? ही कल्पना आली कुठून?

खऱ्या खेळाडूंचा कागदावरचा संघ तयार करायचा आणि मैदानावर ते जी कामगिरी करतील, तिचे गुण आपल्या संघाला मिळवायचे, म्हणजे फॅन्टसी लीग. आज ती मोबाइलवर खेळली जात असली तरी तिचे मूळ क्रिकेटमध्ये नाही. अमेरिकेत १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट या लेखक-संपादकाने मित्रांना जमवून बेसबॉलची अशी लीग सुरू केली. न्यूयॉर्कमधल्या ज्या उपाहारगृहात ही मंडळी बसत, त्याच्या नावावरून तिला ‘रोटिसरी लीग’ म्हटले जाऊ लागले. तेव्हा ना ॲप होते ना इंटरनेट. आकडेवारी वर्तमानपत्रातून घेऊन हाताने बेरीज केली जात असे.

भारतात हा प्रकार घराघरांत पोहोचला तो ‘ड्रीम११’मुळे. हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी २००८ मध्ये मुंबईत ही कंपनी सुरू केली. २०२० मध्ये ती आयपीएलची मुख्य प्रायोजक झाली आणि २०२३ पासून भारतीय संघाच्या जर्सीवर तिचे नाव झळकू लागले.

एका दिवसापुरता गोलंदाज ही काय भानगड आहे?

हीदेखील बेसबॉलचीच देणगी. बेसबॉलमध्ये सामन्याची सुरुवात करणारा पिचर दुसऱ्या दिवशी लगेच येत नाही. त्याच्या खांद्यावर इतका ताण येतो की साधारण पाच जणांची पाळी लावलेली असते. आज ज्याने सुरुवात केली, त्याची पाळी पुन्हा चार-पाच दिवसांनी येते. त्यामुळे फॅन्टसी बेसबॉल खेळणाऱ्यासमोर रोजचा प्रश्न असतो, की आपल्या पिचरांची आज पाळी नाही, तर कोणाच्याच संघात नसलेल्यांपैकी आजच्यापुरता कोणाला घ्यावे?

तिथले मुरलेले खेळाडू असा पिचर घेताना त्याचे नाव शेवटी बघतात. आधी तो समोरच्या किती फलंदाजांना स्वतःच्या हिमतीवर बाद करतो ते पाहतात. मग समोरचा संघ कोणता आणि मैदान कोणते, ते. डेन्व्हर शहरातले कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा विरळ असल्याने चेंडू लांब जातो. म्हणून चांगला पिचरही तिथे असेल, तर अनेक जण त्या दिवशी त्याला बाहेर ठेवतात.

क्रिकेटमध्ये पाळी लावलेली नसली तरी प्रश्न तोच आहे. आपल्या गोलंदाजाचा आज सामना नाही, तो दुखापतग्रस्त आहे किंवा त्याला विश्रांती दिली आहे. अशा वेळी मोकळ्या यादीतून एक नाव उचलायचे असते.

नाव पाहावे की षटके?

आधी षटके. टी-२० सामन्यात एका गोलंदाजाला जास्तीत जास्त चार षटके, म्हणजे २४ वैध चेंडू मिळतात. पण चारही मिळतील याची हमी कोणालाच नसते. अष्टपैलू म्हणून संघात असलेल्याला कित्येकदा दोनच षटके मिळतात.

एक सोपे उदाहरण घेऊ. समजा, एका बळीला २५ गुण आहेत. ‘अ’ हा नावाजलेला गोलंदाज दर १५ चेंडूंमागे एक बळी घेतो, पण त्याला दोनच षटके मिळतात. १२ चेंडूंत त्याच्याकडून सरासरी ०.८ बळी, म्हणजे २० गुण अपेक्षित धरता येतात. ‘ब’ फारसा कोणाला माहीत नाही. त्याला बळीसाठी २० चेंडू लागतात, पण कर्णधार त्याला पूर्ण चार षटके देतो. २४ चेंडूंत सरासरी १.२ बळी, म्हणजे ३० गुण. गोलंदाज म्हणून ‘अ’ सरस आहे, पण त्या दिवसासाठी ‘ब’ फायद्याचा ठरतो.

आमच्या लीगमध्ये पहिल्या हंगामात सर्वाधिक चुका इथेच झाल्या. नाव पाहून गोलंदाज घेतला आणि त्याच्या हातात चेंडू आलाच नाही, असे वारंवार घडले.

यात २०२३ पासून आयपीएलच्या ‘इम्पॅक्ट प्लेअर’ नियमाने भर घातली. नाणेफेकीच्या वेळी प्रत्येक संघ ११ खेळाडूंसोबत पाच राखीव नावेही देतो आणि त्यातून एकाला सामन्यादरम्यान आणता येते. संघ आधी फलंदाजी करणार असेल तर पहिल्या अकरात जादा फलंदाज असतो आणि खरा गोलंदाज राखीव यादीत बसलेला असतो. अकरामध्ये नाव दिसले नाही म्हणून त्याला घाईघाईने वगळू नका. पाच राखीव नावेही वाचा. मात्र इम्पॅक्ट प्लेअर म्हणून आलेल्याचे गुण आपल्या लीगमध्ये धरतात का, हे हंगामाआधीच ठरवून घ्या. याच मुद्द्यावर आमच्याकडे एकदा मध्यरात्रीपर्यंत वाद चालला होता.

किती षटके हे कळले, पण कोणती?

हा पुढचा मुद्दा. पहिल्या सहा षटकांच्या पॉवरप्लेमध्ये ३० यार्डांच्या वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक ठेवता येतात. चेंडू नवा असतो आणि फलंदाज धोका पत्करतात. बळीही मिळतात आणि मारही बसतो. शेवटच्या चार-पाच षटकांत फलंदाज प्रत्येक चेंडूवर तुटून पडतात, शिवाय खालच्या क्रमांकाचे फलंदाज मैदानात असतात. तिथेही बळी आणि धावा दोन्ही येतात. मधल्या षटकांतला फिरकीपटू तुलनेने कमी धावा देतो.

त्यामुळे तुमच्या लीगचे गुण कशाला आहेत, हे आधी वाचावे. बळींना भरपूर गुण आणि धावा दिल्याबद्दल किरकोळ वजावट असेल, तर शेवटची षटके टाकणारा वेगवान गोलंदाज घ्यावा. कमी धावा देणाऱ्याला आणि निर्धाव चेंडूंना चांगले गुण असतील, तर मधल्या षटकांतला फिरकीपटू बरा.

दीपक चहरचे उदाहरण विदर्भातल्या प्रेक्षकांना आठवत असेल. नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर १० नोव्हेंबर २०१९ रोजी त्याने बांगलादेशविरुद्ध ३.२ षटकांत ७ धावा देऊन ६ बळी घेतले. त्यात हॅट्ट्रिकही होती. बुमरा तेव्हा दुखापतीमुळे संघाबाहेर होता. या सहा बळींपैकी पहिले दोन डावाच्या सुरुवातीला नव्या चेंडूवर मिळाले आणि हॅट्ट्रिकचे तीन बळी अखेरच्या षटकांत तळाच्या फलंदाजांचे होते. चहरची गोलंदाजी अप्रतिम होतीच, पण बळी मिळण्याच्या दोन्ही मोसमांत चेंडू त्याच्या हातात होता, हेही तितकेच खरे.

मैदानाला किती महत्त्व द्यावे?

द्यावे, पण डोळे मिटून नव्हे. त्यासाठीही जामठ्यासारखे दुसरे उदाहरण नाही.

१५ मार्च २०१६ रोजी टी-२० विश्वचषकात याच मैदानावर भारताची गाठ न्यूझीलंडशी होती. न्यूझीलंडने टिम साउदी आणि ट्रेंट बोल्ट या आपल्या दोन्ही प्रमुख वेगवान गोलंदाजांना बाहेर बसवले आणि तीन फिरकीपटू खेळवले. त्यांच्या फक्त १२६ धावा झाल्या होत्या. तरीही भारताचा डाव ७९ धावांत आटोपला. मिचेल सँटनरने ११ धावांत ४, ईश सोधीने १८ धावांत ३ आणि नॅथन मॅकलमने १५ धावांत २ बळी घेतले. दहापैकी नऊ बळी फिरकीचे. नाव बाजूला ठेवून त्या दिवसाची खेळपट्टी पाहिली की काय होते, याचा हा धडा होता.

आता हा सामना लक्षात ठेवून ‘जामठा म्हणजे फिरकी’ असे कोणी वहीत लिहून ठेवले असते, तर २०१९ मध्ये त्याने चहरला हातही लावला नसता. मैदान तेच होते, पण त्या दिवसाची खेळपट्टी वेगळी होती आणि हवाही. मैदानाचा स्वभाव असतो, पण त्यावरची प्रत्येक खेळपट्टी वेगळी असते. लाल मातीची खेळपट्टी सहसा उसळी देते, काळ्या मातीची संथ होत जाते. एका मैदानावर दोन्ही प्रकारच्या पट्ट्या असू शकतात. म्हणून मैदानाचा पाच वर्षांचा इतिहास चाळण्यापेक्षा याच हंगामातले तिथले मागचे दोन-तीन सामने पाहणे जास्त उपयोगाचे ठरते.

दवाचेही तसेच आहे. दिवाळीनंतर सकाळी कापूस वेचायला जाणाऱ्याला दव म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. तेच दव रात्री मैदानावर पडले की चेंडू ओला होतो आणि फिरकीपटूच्या बोटांतून निसटतो. दव पडण्याची शक्यता असेल, तर दुसऱ्या डावात गोलंदाजी करणाऱ्या फिरकीपटूपेक्षा पहिल्या डावातला बरा. म्हणजेच नाणेफेकीचा निकाल लागेपर्यंत निवड पक्की करू नये. पण हा नियमही जागेनुसार आणि ऋतूनुसार वापरायचा. मुंबईसारख्या समुद्राकाठच्या शहरातली हवा वेगळी आणि विदर्भातली एप्रिल-मेची कोरडी रात्र वेगळी.

समोरचा संघ कसा पाहायचा?

संघ बलाढ्य आहे की कमकुवत, एवढे पाहून भागत नाही. पहिल्या सहा फलंदाजांत डावखुरे किती, हे मोजा. चेंडू फलंदाजापासून बाहेर वळत असेल तर तो मारणे अवघड जाते. ऑफस्पिनरचा चेंडू डावखुऱ्यापासून बाहेर जातो. डावखुऱ्या फिरकीपटूचा आणि लेगस्पिनरचा चेंडू उजव्या फलंदाजापासून बाहेर जातो. समोर चार डावखुरे असतील, तर डावखुऱ्या फिरकीपटूला कर्णधार कदाचित चार षटके देणारच नाही. म्हणजे मुद्दा पुन्हा षटकांवरच येतो.

समोरचा संघ किती अनुभवी आहे, याने तर आकडे पार बदलतात. विदर्भाचा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी गोलंदाजी करतो. सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत ८ नोव्हेंबर २०२१ रोजी मणिपूरविरुद्ध त्याने चार षटके टाकली, चारही निर्धाव, शून्य धावा आणि २ बळी. टी-२०मध्ये चारही षटके निर्धाव! हा विक्रम त्याच्याकडून कोणी हिरावून घेऊ शकत नाही. पण त्या आकड्यावरून तो पुढच्या आठवड्यात तगड्या संघाविरुद्ध काय करील, याचा अंदाज बांधला तर फसगत होईल. आकडा वाचताना तो कोणाविरुद्धचा आहे, हे सोबत वाचायलाच हवे.

मागच्या सामन्यातले बळी का फसवतात?

मोकळ्या यादीतून निवड करताना हात आपोआप जातो तो कालच्या नायकाकडे. अल्झारी जोसेफची गोष्ट इथे सांगायला हवी. वेस्ट इंडिजच्या या गोलंदाजाला २०१९ मध्ये मुंबई इंडियन्सने जखमी ॲडम मिल्नच्या जागी घेतले. ६ एप्रिल २०१९ रोजी हैदराबादविरुद्ध आयपीएलमधल्या पहिल्याच सामन्यात त्याने १२ धावांत ६ बळी घेतले आणि सोहेल तन्वीरचा २००८ मधला १४ धावांत ६ बळींचा विक्रम मोडला. दुसऱ्या दिवशी देशभरातल्या फॅन्टसी संघांत त्याच्याच नावाची चर्चा होती. पुढच्या दोन सामन्यांत त्याला एकही बळी मिळाला नाही. मग खांद्याच्या दुखापतीने हंगामच संपला. तीन सामने, सहा बळी, आणि तेही सगळे पहिल्याच सामन्यातले.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. ३१ मार्च २०२५ रोजी वानखेडेवर मुंबईच्या अश्वनी कुमारने आयपीएल पदार्पणात कोलकात्याचे ४ बळी २४ धावांत घेतले. पहिल्याच चेंडूवर त्याने अजिंक्य रहाणेला बाद केले. त्याआधी आयपीएलमधला त्याचा एकही आकडा कोणाकडे नव्हता. कोणत्याही शीटने त्या दिवशी त्याचे नाव सुचवले नसते.

बळी हा गोलंदाजाच्या एकट्याच्या हातात नसतो. त्याच चेंडूवर उडालेला झेल सीमारेषेवर पकडला गेला तर बळी, सुटला तर चौकार. बेसबॉलमध्ये व्होरोस मॅक्रॅकन या अभ्यासकाने २००१ मध्ये हाच मुद्दा मांडून खळबळ उडवली होती. बॅटला लागून मैदानात गेलेल्या चेंडूचे पुढे काय होणार, यावर पिचरचे नियंत्रण लोक समजतात त्यापेक्षा खूप कमी असते, असे त्याचे म्हणणे होते. तेव्हापासून पिचरला जोखताना त्याच्या स्वतःच्या हातातल्या गोष्टींना जास्त वजन दिले जाऊ लागले.

क्रिकेटमध्ये हेच करायचे तर मागच्या सामन्यात किती बळी घेतले, याऐवजी मागच्या पाच-सहा सामन्यांत किती निर्धाव चेंडू टाकले, किती फलंदाजांना त्रिफळाचीत किंवा पायचीत केले, किती षटके मिळाली, हे पाहावे. बळी न मिळालेला पण वीस चेंडूंत नऊ-दहा निर्धाव टाकलेला गोलंदाज मोकळ्या यादीत हमखास सापडतो, कारण बाकीच्यांची नजर बळींच्या रकान्यावर असते.

एवढे सगळे पाहिल्यावर खात्री किती मिळते?

इथे अभियांत्रिकीच्या गणिताच्या पेपरात शिकलेले पॉयसन वितरण कामी आले. ठरावीक सरासरीने घडणारी घटना एखाद्या दिवशी शून्य वेळा, एकदा किंवा दोनदा घडण्याची शक्यता किती, हे त्यातून काढता येते. क्रिकेट काही तंतोतंत या सूत्रानुसार चालत नाही, पण अंदाज बांधायला ते पुरते.

समजा, वरच्या सगळ्या कसोट्या लावून तुम्ही निवडलेला गोलंदाज सामन्याला सरासरी १.५ बळी घेणारा आहे. तुमच्या मित्राने डोळे मिटून उचललेला सरासरी १ बळी घेणारा आहे. टी-२०मध्ये हा फरक मोठा आहे. तरी एका सामन्यात काय होईल?

तुमचा गोलंदाज जास्त बळी घेईल, अशी शक्यता १०० पैकी सुमारे ४९. दोघांचे बळी सारखे राहतील, अशी शक्यता २६. आणि मित्राचा गोलंदाज तुमच्यापेक्षा जास्त बळी घेईल, अशी शक्यता २५. तुमच्या गोलंदाजाला एकही बळी मिळणार नाही, ही शक्यताही २२ टक्के आहे. म्हणजे साधारण दर चार-पाच सामन्यांमागे एकदा अचूक निवड करूनही हाती भोपळा!

आता हीच तुलना १४ सामन्यांच्या बेरजेवर करा. तुमचा गोलंदाज पुढे असण्याची शक्यता साधारण ८६ टक्क्यांवर जाते. थोडक्यात, निवडीत कौशल्य आहे, पण ते एका रात्रीत दिसत नाही. हंगामभर चालणाऱ्या लीगमध्ये ते हळूहळू वर येते. एका सामन्यापुरत्या स्पर्धेत त्याच्यावर नशिबाची धूळ बसलेली असते.

मग या निवडीवर पैसे लावले तर?

आमच्या लीगमधली ‘पैसे नाही’ ही अट आठ जणांपैकी एकामुळे आली. क्रिकेट त्याला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळते. खेळपट्टी टीव्हीवर पाहून तो जे सांगतो, ते बहुतेक वेळा बरोबर निघते. काही वर्षांपूर्वी पैशांच्या एका ॲपवर त्याने ४९ रुपयांपासून सुरुवात केली. दोन हंगामांनंतर पेरणीच्या तोंडावर घरात बियाण्यासाठी ठेवलेले २२ हजार रुपये गेलेले होते. वडिलांना कळले ते कृषी केंद्रात उभे असताना. ‘‘मले गेम समजत नसता तर मी पाचशे रुपयांत थांबलो असतो,’’ असे तो आता सांगतो. ‘‘समजते, म्हणूनच थांबलो नाही. वाटे, आज नाही तं उद्या निघते.’’

त्याचे अंदाज आमच्यापेक्षा कमी चुकत होते आणि तरीही तो हरत होता. याला दोन कारणे. पहिले वर आलेच, की एका सामन्यात चांगली निवडही अनेकदा वाया जाते. दुसरे म्हणजे आयोजकाचा वाटा. समजा, दहा जणांनी ५० रुपये भरले. जमा झाले ५०० आणि बक्षिसात वाटले ४२५. म्हणजे प्रत्येकाच्या ५० रुपयांमागे सरासरी साडेबेचाळीस रुपयेच परत येतात. नुसते बरोबरीत सुटायचे म्हटले तरी तुम्हाला इतरांच्या सरासरीपेक्षा सुमारे १८ टक्के जास्त मिळवावे लागते, आणि तेही दर वेळी. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण तुमच्याइतकेच आकडे पाहत असतात.

कायदा काय म्हणतो?

फॅन्टसी खेळ हा कौशल्याचा, म्हणून तो जुगार नाही, हा युक्तिवाद अनेक वर्षे न्यायालयांत टिकला. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तसा निकाल दिला होता. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली.

२०२५ मध्ये चित्र बदलले. ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत आणि २१ ऑगस्टला राज्यसभेत मंजूर झाले. २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. विधेयक आले तेव्हा, दरवर्षी ४५ कोटी लोक मिळून सुमारे २० हजार कोटी रुपये गमावतात, असा अंदाज सरकारकडून सांगण्यात आला होता. या कायद्याने कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला. पैसे भरून पैसे जिंकण्याची आशा असलेला कोणताही ऑनलाइन खेळ चालवण्यास मनाई केली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कायद्याला आव्हान देणाऱ्या वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतील याचिका सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग करण्यात आल्या.

कायदा येताच ‘ड्रीम११’सह मोठ्या कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. भारतीय संघाच्या जर्सीवरचे नावही गेले. त्या वर्षीच्या आशिया चषकात संघ प्रायोजकाशिवाय खेळला. पैसे न लावता, मित्रांमध्ये गुणांसाठी खेळण्याला मात्र अडचण नाही.

‘पक्की टीम’ विकणाऱ्यांचे काय?

मोठे ॲप थांबले तरी मोबाइलवर ‘आजची पक्की टीम’ विकणारे ग्रुप दिसतात. परदेशातून चालणाऱ्या ॲपच्या लिंकही त्यातूनच फिरतात. यांची एक जुनी युक्ती समजून घ्या. समजा, एकाकडे ८०० जणांचे नंबर आहेत. तो ४०० जणांना एका गोलंदाजाचे नाव पाठवतो आणि ४०० जणांना दुसऱ्याचे. ज्या ४०० जणांना बरोबर नाव गेले, त्यांना पुढच्या सामन्यात पुन्हा २००-२०० मध्ये वाटतो. तिसऱ्या सामन्यानंतर १०० जण असे उरतात, ज्यांनी याचे तिन्ही अंदाज खरे ठरताना पाहिले आहेत. चौथ्या वेळी तो त्यांच्याकडे पैसे मागतो. त्याला क्रिकेटमधले काहीही कळण्याची गरज नसते.

अशा कोणाकडून फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन १९३० वर लवकरात लवकर तक्रार करा. खेळाचे व्यसन जडल्यासारखे वाटत असेल, झोप उडाली असेल, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. आमच्या मित्राने घरी सांगायला चार महिने लावले. त्या चार महिन्यांत, पैसे परत मिळवण्याच्या नादात, नुकसान दुप्पट झाले.

नाणेफेकीच्या दहा मिनिटांत काय पाहावे?

१. गोलंदाज अकरामध्ये किंवा पाच राखीव खेळाडूंत आहे का?
२. मागच्या पाच-सहा सामन्यांत त्याला किती षटके मिळाली आणि कोणती?
३. आपल्या लीगमध्ये गुण कशाला जास्त आहेत, बळींना की कमी धावांना?
४. समोरच्या पहिल्या सहांत डावखुरे किती?
५. याच हंगामात या मैदानावर मागचे दोन-तीन सामने कसे झाले? आज दव पडेल का आणि गोलंदाजी पहिली आहे की दुसरी?
६. निर्धाव चेंडू, त्रिफळाचीत, पायचीत हे रकाने काय सांगतात?
७. मागच्या सामन्यातले बळी सगळ्यात शेवटी पाहा.

हे सगळे करूनही चार-पाच वेळांत एकदा भोपळा मिळेल. तो मिळाला म्हणून पद्धत बदलू नका, आणि सहा बळी मिळाले म्हणून स्वतःला मोठे जाणकार समजू नका.

गेल्या हंगामात आमच्या लीगमध्ये पहिला आला तो हाच मित्र. रोजंदारीच्या गोलंदाजांतून सर्वाधिक गुण त्यानेच मिळवले. गुणांची शीट ठेवणारा प्रस्तुत प्रतिनिधी शेवटचा आला आणि शेगावहून कचोरी घेऊन आला.